चार बोटं काठ

आप्पांनी मला माडीवरची खोली दिली ती माझी मान बघून. पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, मी काय खातो-पितो तेही विचारलं नाही. स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, मला सोप्यात उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, दारापातूर जावा आनि परत या." मी गेलो आणि आलो. "मान लई हलतीया तुमची," ते म्हणाले, "कोंबडीवानी. पर ऱ्हावा. सुधारंल."

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी बेळगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि शहापुरात, विणकरांच्या आळीत, आप्पांचा भाडेकरू होतो. आप्पा रेशीमकाठी लुगडी विणत. त्यांचं म्हणणं असं, की माग चालू असताना हात हलावेत, पाय हलावेत, मान मात्र हलता कामा नये. मान हलली की लुगडं बिघडलंच. एकदा शेजारच्या छपराला आग लागली. सगळी आळी घागरी घेऊन धावली. आप्पांनी मान वळवली नाही. "इझवायला मानसं हाईत की," असं म्हणून त्यांनी आडव्या धाग्याचा धोटा पलीकडे फेकला. आग विझल्यावर लोक शिव्या द्यायला आले, तेव्हाही त्यांनी त्या समोर बघूनच ऐकून घेतल्या.

मापाच्या बाबतीतही त्यांचा असाच हट्ट होता. मागावर नवा ताणा चढवायचा, म्हणजे उभे धागे लावायचे, तेव्हा काठाची रुंदी ते बोटांनी मोजत. काठ चार बोटं. वडिलांचा चार बोटं, आज्याचा चार बोटं, म्हणून ह्यांचाही चार बोटं. माझी लाकडी फूटपट्टी त्यांनी एकदा हातात घेऊन उलटसुलट केली.

"मास्तर, ही कुनाच्या हाताची?"

"कुणाच्या नाही. विलायतेत ठरवलेलं माप आहे."

"विलायतेतला मानूस हितं लुगडं नेसाय येनार हाय काय?"

मी पट्टी परत दप्तरात ठेवली. 

तिसरी गोष्ट कॉफीची. कॉफीनं माणसाचा हात कापतो असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यामुळे घरात कॉफीला बंदी होती. त्यांची बायको, सगळी आळी तिला आक्का म्हणायची, ती मात्र कॉफीवर जीव टाकणारी. मीही. माडीवर जायचा जिना सोप्यातूनच होता, आप्पांच्या मागाला वळसा घालून. तेव्हा कॉफी करायची तर ती आप्पा बाजाराला गेल्यावर, आणि ते बाजाराला जात महिन्यातून दोनदा.

एका सकाळी आक्का परसातून कप घेऊन आली आणि आप्पा बाजारातून लवकर परतलेत हे न कळून थेट त्यांच्या बाजूनंच जिन्याकडे निघाली. मी जिन्यावर गारठलो. कपातून वाफ येत होती. ती त्यांच्यापासून दोन हातांवरून गेली. आप्पांचा धोटा चालूच. तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच मेलेलं, म्हणून वास कळला नसेल, पण कप दिसू नये? दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम करून बघितलं. मग रोजच सुरू झालं. हळूहळू घराला शोध लागला, की आप्पा मागावर बसले की त्यांच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन मोकळ्या वाटा तयार होतात आणि त्या वाटांनी वाटेल ते न्यावं. आम्ही कॉफी नेली, बाजारची भजी नेली, मी तर एकदा चपला घालून गेलो. आणि खोटं कशाला बोलू, चांगला पंचविशीचा, टाय बांधणारा मास्तर मी, एकदा त्यांच्या कानाशी उभा राहून त्यांना जीभ काढून दाखवली. आक्का तोंडात पदर कोंबून परसात पळाली. आम्हाला वाटायचं, हा सगळा त्यांच्या त्या मानेचा प्रताप. आज आठवलं तरी ती जीभ चावून टाकावीशी वाटते.

निपाणीला तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या घरी आप्पांचं लुगडं दरवर्षी दिवाळीआधी जायचं. त्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाई दुसऱ्या कुणाच्या हातचं नेसत नसत. एका वर्षी आप्पांनी मला बरोबर नेलं. सासूबाईंनी नवं लुगडं उलगडलं, काठाकडे बघितलं आणि सुनेला हाक मारून मागच्या पाच वर्षांची लुगडी आणायला लावली. बाजेवर एकाखाली एक अशी सहा लुगडी पसरली.

"आप्पा, बघा हिकडं. तुमचा काठ दरसाली वाढाय लागलाय. अजून चार सालांनी नुसता काठच येनार. लुगडं कुठनं नेसायचं आमी?"

खरंच, वरच्या काठापेक्षा खालचा रुंद, त्यापेक्षा त्याच्या खालचा रुंद. आप्पांनी नव्या काठावर हात ठेवला. चार बोटं नेमकी बसली. मग पाच वर्षांपूर्वीच्या काठावर ठेवला. दोन्हीकडून बोटं बाहेर आली. 

"जुनं आटलंय," ते म्हणाले. "धुऊन धुऊन."

"काठच तेवढा आटला? आनि अंग जसंच्या तसं?"

"रेशीम हाय, बाईसाहेब. आटतंय."

सासूबाई हसल्या आणि रुंद काठ कुणाला नको म्हणून लुगडं ठेवून घेतलं. परतताना आप्पा गाडीत माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, चुकीची शरम. ते तसं नव्हतं. घरी आल्या आल्या त्यांनी आक्काला बोलवलं आणि म्हणाले, "काठाचं रेशीम गेली तीन सालं पुरंना झालंय, ते का, आज कळलं मला. तूच ते वडगावला देतीस."

वडगावला आक्काचं माहेर. शहापूरपासून हाकेच्या अंतरावर. तिचा भाऊही विणकर. नव्या लुगड्याचा काठ तर चार बोटंच भरला होता, म्हणजे रेशीम आपल्या हातून जास्त गेलेलं नाही, तेव्हा ते घरातूनच पाय फुटून गेलं असा आप्पांचा हिशेब. आक्का म्हणाली, "माझ्या हाताला कीड पडंल असं केलं तर." आप्पांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून तिचं वडगावला जाणं बंद झालं. भावाच्या मुलीचं लग्न झालं, तरी गेली नाही. वाजंत्री आमच्या माडीवर ऐकू येत होती.

याच सुमाराला आप्पा मोठे होत चालले होते. जाडे नव्हे, मोठे. जोडे लहान व्हायला लागले तेव्हा त्यांनी चांभाराशी भांडण काढलं. अंगठी कापून काढावी लागली तेव्हा सोनाराशी. टोपी बसेना तेव्हा टोपी शिवणाऱ्याशी. नाक रुंद झालं, हनुवटी पुढे आली. डोकं ठणकायचं आणि ते कपाळाला फडकं करकचून बांधून विणत बसायचे. आळीतले लोक म्हणत, आप्पांना बरकत आलीय. शेवटी एक दिवस बाजारात एक टांगा बाजूनं येऊन त्यांच्या खांद्याला घासून गेला. आप्पांनी टांगेवाल्याला काही न म्हणता घोड्याला सुनावलं, "बाजूनं येतोस व्हय रं? समोरनं ये की!" टांगेवाला मला ओळखत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, ह्यास्नी दिसंना झालंय. डागदरला दावा."

डॉक्टर कॅम्पात, लष्करी छावणीकडे होते. त्यांनी आप्पांना समोर बसवलं आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूला बोटं हलवतो. दिसली की सांगा."

आप्पा नाकाकडे बघत बसले. हे काम त्यांच्या आवडीचं होतं.

"हलवा की," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आमी वाट बघाय लागलोय."

डॉक्टर दोन्ही हातांची बोटं केव्हापासून हलवत होते. मला आधी हसू आलं. मग डॉक्टरांचा चेहरा बघितला आणि मला ती कॉफी आठवली, चपला आठवल्या, ती जीभ आठवली.

डोक्याचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं: दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या खाली एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. आप्पांच्या त्या ग्रंथीवर गाठ आली आहे. गाठ साधी आहे, अंगभर पसरणारी नाही. पण जागा वाईट. ती वाढतेय आणि नसांना दाबतेय, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालंय. अशीच वाढली तर समोरचंही जाईल. कवटी उघडून ती काढता येते, पण त्या टेबलावरून उठून घरी येणारे थोडे. मुंबईत एक्स-रेचेच जोरकस किरण गाठीवर सोडायचं यंत्र आहे. त्यानं गाठ दबली तर डोळे वाचतील.

"आनि न्हाय दबली तर?" आप्पांनी विचारलं.

"तर माग विसरा."

आप्पांनी एक्स-रेची आणखी एक प्रत मागितली, सोप्यात लावायला. डॉक्टरांनी दिली नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, तेव्हा मीच त्यांना घेऊन निघालो. पुण्याला गाडी बदलली आणि मुंबईत गिरगावातल्या एका ओळखीच्या बेळगावकराच्या खोलीत आम्ही पथारी टाकली. रविवार सोडून रोज दवाखाना. यंत्राची खोली जाड भिंतींची, दार शिशाच्या पत्र्यानं मढवलेलं. आप्पांना टेबलावर निजवत, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत, कानशिलाला एक नळकांडं टेकवत आणि मग सगळेजण बाहेर येऊन दार लावून घेत. भिंतीत एक जाड काचेची खिडकी होती, तिच्यातून बघत. यंत्र घरघरायला लागे.

पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर आप्पा मला म्हणाले, "मास्तर, औषद जर चांगलं आसंल तर देनारा पळाला कशाला?"

हे मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणारे होते. तेही हसले आणि त्यांनी आप्पांना नीट समजावलं. एकाच जागेतून किरण सोडले तर तिथली कातडी भाजेल. म्हणून थोडे डावीकडून, थोडे उजवीकडून, थोडे कपाळातून सोडायचे. तिन्ही मिळतात ते फक्त गाठीवर.

"म्हंजे तीन धोट्यांचं काम," आप्पा म्हणाले. लुगडं विणताना दोन काठांना दोन धोटे आणि अंगाला तिसरा लागतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्या दिवसापासून आप्पांनी डॉक्टरांना आपल्या धंद्यातलाच मानलं आणि दुसऱ्या दिवशी वाळूच्या पिशव्या परत केल्या. "हे लहान पोरांला लावा." यंत्र चालू असताना ते इतके निश्चल पडत, की खिडकीतून बघणारा मदतनीस दोनदा घाबरून आत गेला. डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना आप्पांची मान दाखवायला आणलं. इतकी वर्षं ज्या मानेला आम्ही हसलो, तिचं मुंबईत कौतुक होत होतं.

किरण नेमके कुठून सोडायचे ते कळावं म्हणून कानशिलांवर आणि कपाळावर जांभळ्या शाईनं चौकोन काढले होते. ते पुसायचे नव्हते. चाळीतल्या एका आजीबाईंनी ते चौकोन बघितले आणि वाकून नमस्कारच केला. "कुठला पंथ, महाराज?"

मी तोंड उघडलं तोवर आप्पांनी आशीर्वादाचा हात वर केला होता. "चौकटीचा," ते म्हणाले.

"नेम काय असतात?"

"मान हालवायची न्हाय. काफी प्यायची न्हाय. बाजूच्या मानसाकडं बगायचं न्हाय."

आठवड्याभरात गॅलरीत सकाळी पाच-सहा बायका ताठ मानेनं बसायला लागल्या. कॉफी सोडणं मात्र कुणालाच जमलं नाही. मी आप्पांना रागावलो. ते म्हणाले, "मास्तर, बाजूच्या मानसाकडं बगून कुनाचं भलं झालंय?" पुढे कानशिलांवरचे केस गळाले, नेमके चौकोनी. तेव्हा आजीबाईंची खात्रीच पटली.

असाच चौथा आठवडा चालू होता. एका सकाळी आप्पांनी टेबलावर निजायला नकार दिला. "डावा चौकोन सरकलाय. अर्धं बोट."

मदतनीस म्हणाला, रोज तीच शाई पुन्हा गिरवतो, सरकेल कसा? आप्पा कानशिलाला बोटं लावून दाखवत राहिले. भुवईच्या टोकापासून दोन बोटं हवा, तो दीडवरच आहे. पहिल्या दिवशी त्यांनी बोटं लावून बघितलीच नव्हती. आयुष्यभर बोटांनी मोजत आलेल्या नजरेनं आरशात बघून दोन बोटं ठरवली होती. डॉक्टर आले. त्यांनी धातूची पट्टी काढून मोजलं. कागदावर लिहिलं होतं तेवढंच अंतर होतं, काडीमात्र फरक नव्हता.

मग त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला.

"हे बोट पाच वर्षांपूर्वी एवढंच होतं?"

"बोट काय बदलतंय व्हय, सायेब?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही? त्या ग्रंथीमुळेच हातपाय मोठे होतात. जोडे बदलले असतील. अंगठी निघाली नसेल. बोटंही जाड होतात. तुमची दरवर्षी थोडी थोडी जाड होत गेलीत."

आप्पांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग निमूट टेबलावर जाऊन निजले.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर ते भिंतीला टेकून बसून राहिले. जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. मग आप्पा म्हणाले, "निपानीच्या बाईचं लुगडं आटलं न्हवतं."

"नाही."

"रेशीमबी कुठं गेलं न्हवतं. काठातच गेलं."

"होय, आप्पा."

"दोन सालं झाली तिला वडगावला जाऊन." एवढं बोलून त्यांनी तोंडावर पंचा ओढून घेतला. पंचाखाली ते रडत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि त्यात माझ्या स्वतःवरचा राग किती हे मला नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळी त्यांनी मला पोस्टकार्ड आणायला लावलं. मी लेखणी घेऊन बसलो. आप्पांनी बराच विचार करून मजकूर सांगितला: "वडगावला जाऊन ये."

"आणि?"

"साकु." कानडीत पुरे म्हणायचे ते.

"अहो, कारण तरी लिहूया."

"कारन माझं मी तोंडानं सांगीन. कार्ड काय, गल्लीतलं कुनीबी वाचतंय."

आम्ही परत आलो ते डॉक्टरांचं शेवटचं वाक्य घेऊन. आता वाट बघा, तीन महिन्यांत बाजूचं दिसायला लागलं तर गाठ दबली म्हणायची, नाही तर पुन्हा या, मग चाकूशिवाय उपाय नाही. आक्का वडगावला जाऊन आली होती. आप्पांनी तिला कारण तोंडानं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मात्र पुढचा ताणा चढवायची वेळ आली तेव्हा सोप्यातून हाक ऐकू आली, "बोटं घिऊन ये गं." आक्का आली. आप्पांनी तिचा हात धरून धाग्यांवर ठेवला आणि तिच्या चार बोटांनी काठ मोजला. निपाणीच्या सासूबाईंना पुढचं लुगडं जुन्या मापाचं मिळालं. त्यांनी तक्रार केली म्हणे.

दोन महिने गेले. आक्कानं कांड्यांवर धागा गुंडाळायचा रहाट परसातून उचलून मागाच्या डाव्या अंगाला आणून ठेवला होता. धोट्यातली कांडी संपली की नवी हातात द्यायची, आप्पांनी चाचपडायला नको. मी सकाळी शाळेला जाताना जिन्यावरून बघत असे. आक्का रहाट फिरवायची आणि रडायची. आवाज नाही, हुंदका नाही. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते ती पुसतही नसे. परसात रडली तर शेजारणी बघणार, चुलीपाशी रडली तर मी बघणार. नवऱ्याच्या शेजारी दोन हातांवर बसून रडलं तर कुणालाच दिसणार नाही, असा तिचा हिशेब. तीन महिने भरत आले तसं तिचं रडणं वाढलं. मी खाली बघत निघून जात असे.

एका गुरुवारी मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होतो. माग खटखटत होता. आप्पा समोर बघून विणत होते आणि समोर बघतच म्हणाले, "किती रडतीस गं?"

रहाट थांबला. आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "कोन रडतंय?"

"तूच की. काल बी रडालीस. परवा बी."

"तुमास्नी मास्तरांनी सांगितलं."

"मास्तर काय सांगतोय! सोमवारपास्नं बघाय लागलोय मी."

आक्का उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या कांड्या जमिनीवर घरंगळल्या. "सोमवारपास्नं दिसाय लागलंय, आनि आज गुरुवारी सांगताय? चार दिस मला रडत ठेवलासा?"

"मला वाटलं भास आसंल," आप्पा म्हणाले. "मग म्हटलं, भास न्हवं. भास आसता तर तू हसताना दिसली आसतीस."

आक्काच्या हातात एक कांडी राहिली होती. तिनं ती त्यांच्या अंगावर फेकून मारली, आणि आप्पांनी ती डाव्या हातानं वरच्यावर झेलली.